गुडघ्यांची पावडर आणि तुझी लाडकी

आई,

गेल्या आठवड्यात ती लातूरला माझ्या वॉर्डात आली होती. ती म्हणजे तुझी लाडकी. तुझ्या अंगणवाडीतली, उमरीला आपल्या गल्लीच्या टोकाला चुलत्याच्या घरी वाढलेली. तू जाऊन इतकी वर्षं झाली, माझे केस पिकले, वॉर्डाची सगळी जबाबदारी आता माझ्यावर असते, आणि तरी तिला दारात उभी बघितल्यावर मी पुन्हा लहानपणीची हेवेखोर पोर झाले. "अक्का, वळखलं का?" म्हणाली. मी मान हलवली आणि हातातल्या सलाईनकडे बघत राहिले. तिनं पदर कमरेला खोचला होता, अगदी तू खोचायचीस तसा, डाव्या बाजूला. तिच्यासोबत कोण होतं आणि काय झालं ते सांगतेच, पण आधी मागचं बोलू दे. तुझ्याशी या विषयावर मी कधी नीट बोललेच नाही. जेव्हा बोलले तेव्हा भांडले.

तुझी अंगणवाडी भरायची ती समाजमंदिराची खोली मला अजून दिसते. कोपऱ्यात स्टोव्ह, वर काळं पडलेलं पातेलं, तू लापशी ढवळतेस आणि भिंतीला टेकून बसलेली पोरं ताटल्या वाजवतात. मला घरी ठेवायला कुणी नव्हतं म्हणून मीही तिथंच असायचे. सगळ्या पोरांना तू पळीनं वाढायचीस. तिला मात्र मांडीवर घेऊन हातानं भरवायचीस. तिची आई वारली होती, बापानं दुसरं लग्न केलं होतं, हे मला नंतर कळलं. तेव्हा मला एवढंच कळत होतं की ती मांडी माझी आहे. एकदा मी तिच्या ताटलीला लाथ मारली. लापशी जमिनीवर सांडली. तू मला मारलं नाहीस. ताटली उचललीस, पुसलीस, आणि माझ्याकडे न बघता म्हणालीस, "तुला घरी गेल्यावर बी मिळतंय. तिला हितंच मिळतंय." बस्स, एवढंच. मार खाल्ला असता तर विसरले असते. ते वाक्य विसरता आलं नाही, कारण त्यात तू बरोबर होतीस.

मी तुला आई म्हणायचे. शाळेत जाणारी मुलं आई म्हणतात, असं तूच शिकवलं होतंस. ती तुला माय म्हणायची. तिला तू कधी दुरुस्त केलं नाहीस. मला नांदेडला नर्सिंगला प्रवेश मिळाला तेव्हा तू मला लोखंडी पेटी घेऊन दिलीस, मजबूत, कुलूप असलेली. पुढं तिचं लग्न उमरीतच जमलं, तेव्हा तू तिला तुझी मोरपंखी साडी दिलीस, पहिल्या मानधनातून घेतलेली, जिच्या घडीत तू कडुलिंबाचा पाला ठेवायचीस. त्या साडीवर माझा डोळा होता. मी सुट्टीत घरी आले, तुझ्या पेटीत पाला तसाच होता, साडी नव्हती. विचारलं तर म्हणालीस, "तू पांढरे कपडे घालणारी. तुला तिचं काय काम हाय?" मी हसले. हसण्यासारखं त्यात काय होतं मला माहीत नाही.

मग तुझे गुडघे गेले. इतकी वर्षं जमिनीवर बसून उठायचं, पोलिओच्या डोसासाठी घरोघर हिंडायचं, दोन्ही गुडघे आतल्या बाजूला वाकले. मी तुला नांदेडला हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. वजन कमी करा, मांडी घालून बसू नका, हा व्यायाम करा, ही गोळी दुखेल तेव्हाच घ्या, पुढंमागं ऑपरेशन करावं लागेल. तू परत येताना बसमध्ये म्हणालीस, "म्हंजे इलाज न्हाईच." मी लातूरहून दर आठवड्याला फोन करून व्यायाम केला का विचारायचे. तू "हाव, केला की" म्हणायचीस. खोटं बोलतेस हे मला आवाजावरून कळायचं.

त्या दिवसांत तुझ्या लाडकीनं पावडर आणली. पांढरा प्लास्टिकचा डबा, वर हिरवं पान, आणि पानाखाली दोन्ही हात वर करून हसणारी म्हातारी. नांदेडला एका हॉलमध्ये पावडरवाल्यांच्या मीटिंगा व्हायच्या, तिथं ती घरोघर विकणाऱ्या बायकांना सांगायचे की तुम्ही विकत नाही, सेवा करता. तिला ते मनापासून खरं वाटायचं. ती स्वतः घ्यायची, सासूला द्यायची. तुला रोज सकाळी कोमट पाण्यात चमचाभर कालवून पाजायला यायची आणि मग तासभर बसायची. आठवडा झाला नसेल, तुझा फोन आला. "ऐक, आज बाजारात चालत जाऊन आले मी. शेपू आणली, चुका आणला. कुठंच बसले न्हाई." तुझा आवाज तरण्या बाईसारखा झाला होता. मी म्हणाले, बरं झालं. फोन ठेवला आणि ड्युटी रूमच्या पलंगावर बसून राहिले. इतकी वर्षं मी लोकांचे पाय चेपले, जखमा धुतल्या, माझ्या हातून तुझे गुडघे दुखायचे थांबले नाहीत, आणि हिच्या चमच्यानं थांबले. मला आनंद व्हायला पाहिजे होता. मला तो झाला नाही.

दिवाळीला आले तेव्हा तुला बघून शेजारची काकू म्हणाली, "बघ की, बाईंना कशी तकाकी आली." तुझा चेहरा गोल झाला होता, गाल वर आले होते, भूक वाढली होती. दंड मात्र बारीकच होते. बांगडी घासली तरी मनगटावर निळा डाग उठत होता. असे चेहरे मी वॉर्डात बघितले होते. डबा हातात घेऊन वाचला. गुग्गुळ, अश्वगंधा, आणि पुढं 'इतर दुर्मिळ वनस्पती'. कुठं बनवलं, कुणी बनवलं, काही नाही. खाली फक्त एक मोबाईल नंबर. मी तुला म्हणाले, "आई, यात स्टेरॉइड मिसळलेलं असणार. म्हणून एवढा झटकन फरक पडलाय. तुझी साखर वाढेल, हाडं ठिसूळ होतील. आत्ता माझ्यासोबत चल, तपासून घेऊ."

तू चुलीपाशी करंज्या तळत होतीस. झारा खाली ठेवून माझ्याकडे बघितलंस.

"जडीबुटी हाय ती. त्यानं काय होत न्हाई."

"जडीबुटीनं आठवड्यात गुडघे थांबत नसतात."

"तुझ्या डॉक्टरनं तरी काय केलं मग?"

"आई, ती पोरगी शिकलेली नाही. तिला काय कळतं यातलं?"

"तुला तिचं काहीच बघवत न्हाई," तू म्हणालीस. "ल्हानपणापासून न्हाई बघवत."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. पावडरीत काहीतरी होतं, आणि मला तिचं बघवत नव्हतं. दुसरी कुणी नर्स, अगदी परकी बाई, हेच बोलली असती तर कदाचित तू ऐकलं असतंस. माझ्या तोंडातून तोच शहाणपणा मत्सराच्या वासासकट बाहेर आला आणि तुला फक्त वास आला. भाऊबीजेआधीच मी लातूरला निघून आले.

मला तेव्हा हे माहीत नव्हतं की तू स्वतः घेऊन थांबली नव्हतीस. अंगणवाडीच्या बाईंनी सांगितलं म्हणून ज्या बायकांनी तुझ्या भरवशावर पोरांना डोस दिले होते, त्यांनाच तू सांगत होतीस, मला गुण आला, तुम्ही बी घ्या. तुझा शब्द गावात चालायचा. ती दहा घरं फिरून जे विकू शकली नसती ते तुझ्या ओट्यावर बसल्या बसल्या जाऊ लागलं.

उन्हाळ्यात तुझ्या टाचेला चप्पल चावली. साधी जखम, पण ती भरेना, काळी पडत गेली. ताप चढला, तू बरळायला लागलीस, आणि तुला नांदेडच्या दवाखान्यात कुणी नेलं? तिनं. मी बसनं पोचले तेव्हा तुझ्या उशाला ती बसली होती, तुझं डोकं धरून. मला जागा करून द्यायला उठली, तर झोपेत तू तिचा पदर धरला होतास. साखर इतकी वाढली होती की डॉक्टरांनी कागद दोनदा बघितला. मग विचारलं, "काही पावडर, गावठी औषध चालू होतं का?" मी तोंड उघडायच्या आत तिनं पिशवीतून डबा काढून टेबलावर ठेवला.

डॉक्टर तरुण होते, शांत. म्हणाले, "तपासल्याशिवाय छातीठोक सांगता येणार नाही, पण सगळी लक्षणं स्टेरॉइडचीच आहेत. स्टेरॉइड वाईट नसतं, आम्ही रोज देतो. पण मोजून देतो, नजर ठेवून. यात किती आहे हे बनवणाऱ्यालाही माहीत नसेल." मी म्हणाले, आजपासून बंद. ते म्हणाले, "तुम्ही सिस्टर आहात ना? इतके महिने घेतल्यावर एकदम बंद केलं तर शरीर कोसळतं. आम्ही आमच्या गोळीवर आणून हळूहळू कमी करू." ती भिंतीला टेकून ऐकत होती. तिचा चेहरा पांढरा पडला होता. सांगते आई, माझी जिंकायची ती वेळ होती. मी तिच्याकडे बघितलं आणि तिला एक शब्द बोलले नाही, आणि ते न बोलणं बोलण्यापेक्षा वाईट होतं हे मला पक्कं माहीत होतं. तू मात्र शुद्धीवर आल्यावर सगळं ऐकून घेतलंस, आणि माझ्याकडे नाही, छताकडे बघत म्हणालीस, "मी किती जणींना सांगितलं गं."

तुला घरी सोडल्यानंतरची गोष्ट. तुझी टाच भरत आली होती, पण पाय थरथरायचे, गुडघे पहिल्यापेक्षा जास्त दुखायचे. मी रजा टाकून उमरीला आले तर घराला कुलूप. शेजारच्या काकूनं हातानं दाखवलं, वेशीकडं गेल्यात म्हणे, ऑटोत बसून. मी शोधत गेले. एका घराच्या अंगणात तू प्लास्टिकच्या खुर्चीवर बसली होतीस, आणि तुझी काठी धरून मागं ती उभी होती. समोर एक पोक्त बाई, हातात तोच पांढरा डबा.

"मी सांगितलं म्हणून घेतलंस ना?" तू म्हणत होतीस. "मग आता बी मीच सांगते. ही खाऊ नको. पण एकदम बी सोडू नको. डबा घेऊन दवाखान्यात जा, म्हणावं हे खाऊन राहिले."

"पण बाई, माझे गुडघे तर थांबले."

"माझे बी थांबले होते. बघ आता."

तू लुगडं वर करून पाय दाखवलास. त्या बाईनं बघितलं, आणि मग तिचा सगळा राग तुझ्या मागं उभ्या असलेल्या पोरीवर निघाला. "हिनंच आणलं गावात. पैशासाठी बाईंना बी सोडलं न्हाई हिनं. सोताची आई खाल्ली, आता बाईंना बी खाती." ती मान खाली घालून उभी होती. काठी तेवढी घट्ट धरली होती.

तू खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठलीस. उठायला तुला किती त्रास होतो हे मी बघत होते. "तिला बोलायचं न्हाई," तू म्हणालीस. "ती बी फसली, मी बी फसले. जबान माझी होती. बोलायचं तर मला बोल."

मी फाटकापाशी थांबले होते. तुम्हा दोघींना मी दिसले नाही. तू त्या वेळी जे करत होतीस तेवढं मोठं काम मी आयुष्यात कुणाला करताना पाहिलेलं नाही. गावानं डोक्यावर घेतलेली बाई दारोदार जाऊन माझं चुकलं म्हणत होती. आणि ते बघताना माझ्या मनात काय आलं? माझ्यासाठी तू अशी कधी उठून उभी राहिलीस का, हे आलं. मला कुणी कधी असं बोललंच नव्हतं, गरजच पडली नव्हती, हे मला कळत होतं. कळून उपयोग झाला नाही. मी पुढं होऊन म्हणाले, "आई, डॉक्टरांनी विश्रांती सांगितलीय," आणि तुझा दुसरा हात धरला. राहिलेल्या घरांना आपण तिघी गेलो. बहुतेक बायकांनी ऐकलं. एक-दोघींनी दार लावून घेतलं. एकीनं तुला चहा पाजला आणि डबा मात्र आतच ठेवला. तरी दवाखान्याच्या बाहेर आठवडाभर आपल्या गल्लीतल्या बायका पिशवीत डबे घेऊन बसलेल्या दिसत होत्या, असं तीच मला सांगायची, फोन करून. तुझ्या तब्येतीची बातमी मला तिच्याकडून कळायची.

पुढं तू मोरीत पाय घसरून पडलीस आणि खुब्याचं हाड मोडलं. घसरण्यासारखं काही नव्हतं तिथं, पण हाडं पोखरली होती. नांदेडला ऑपरेशन झालं, मग छातीत संसर्ग झाला आणि तू गेलीस. पावडरीनंच झालं असं म्हणता येणार नाही, वयही होतं, असं डॉक्टर म्हणाले. मी नर्स आहे, मला हे वाक्य कळतं. लेक म्हणून ते मला कधी कळलं नाही. तुला पोचवायला सगळं गाव आलं होतं. मी रजेचा अर्ज, मृत्यूचा दाखला, पाहुणे यांत होते. तुझ्या पायाशी बसून रडायला ती होती. आलेल्या बायका तिच्याच पाठीवरून हात फिरवत होत्या.

आता गेल्या आठवड्याचं. तिची नणंद किल्लारीला दिलेली आहे. सांधेदुखी. तिच्या सुनेनं मोबाईलवर जाहिरात बघून पुड्या मागवल्या, या खेपेला डबासुद्धा नाही, नुसत्या प्लास्टिकच्या पुड्या. ही भेटायला म्हणून उमरीहून गेली, नणंदेचा चेहरा बघितला आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच जीपमध्ये घालून तिला आमच्याकडे घेऊन आली. मी आहे हे तिला ठाऊक होतं, म्हणून लातूर. डॉक्टरांसमोर ती उभी राहिली आणि म्हणाली, "साहेब, पुडी चालू होती. एकदम बंद केली न्हाई. संगं आणलीय." डॉक्टर माझ्याकडे वळून म्हणाले, "सिस्टर, पेशंटसोबत अशी माणसं आली तर आपलं निम्मं काम होतं." मी हो म्हणाले. आई, ते वाक्य तुझं होतं. माझ्या वॉर्डात, माझ्या डॉक्टरांसमोर, तिच्या तोंडून.

नणंदेला सलाईन लागल्यावर ती व्हरांड्यात जेवणाचा डबा उघडून बसली. ज्वारीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी. मला बोलावलं. मी बसले. बोलता बोलता कळलं की त्या मीटिंगा तिनं तेव्हाच सोडल्या, आणि अजूनही गावात कुणाकडं असला पावडरीचा डबा आल्याचं कळलं की ती जाऊन बसते. "लोकं हाकलून देतेत," म्हणाली. "म्हंतेत, तूच विकत हुतीस की. मी म्हंते, हाव, म्हणूनच सांगून राहिले." तुझ्या मागं तुझं काम कुणी चालवलं हे मला असं कळलं, भाकरी खाताना. माझ्याकडे पदवी आहे, पगार आहे, तुझी लोखंडी पेटी आहे. मला कधी सुचलं नाही गावात जाऊन बसायचं.

मग तिनं भाकरीचा तुकडा हातातच ठेवला. "अक्का, येक इचारू का? तुमी लेकच की, तुमाला मायनं सांगितलं असंल. मायला माझा राग हुता का?"

इतकी वर्षं मला वाटत होतं की तुझं मन तिच्याकडे आहे, आणि ती इतकी वर्षं समजत होती की ते माझ्याकडे आहे, आणि ते जाणून घ्यायला तिला माझ्याकडेच यावं लागलं. आतून कुणीतरी सिस्टर म्हणून हाक मारली. मी उठले, सलाईन बदललं, दुसऱ्या पेशंटचा ताप बघितला, जे काम शिकाऊ मुलीही करू शकल्या असत्या तेही केलं. परत आले तर ती तशीच बसली होती, भाकरी न खाता. मी म्हणाले, "नव्हता. तिला तुझा राग कधीच नव्हता." तिनं तोंडाला पदर लावला. तिच्या खांद्यावर हात ठेवावा असं मला वाटलं, आणि मी ठेवलाही, थोडा वेळ.

नणंदेला परवा घरी सोडलं. गोळ्या कशा कमी करायच्या ते मी तुझ्या लाडकीला लिहून नाही, तोंडी समजावलं, आणि तिनं ते जसंच्या तसं परत म्हणून दाखवलं. आता माझी ड्युटी उद्यापासून आहे आणि हे कागद मी दुपारपासून भरतेय. कुठं टाकायचे याचा प्रश्न नाही. फाडून टाकीन, किंवा टाकणार नाही.

फक्त एक राहिलं. तुझ्या शेवटच्या दिवशी, ती कपडे आणायला उमरीला गेली होती तेव्हा, तू डोळे उघडले होतेस. मी तुझा हात धरून बसले होते. तू माझ्याकडे बघितलंस, मला ओळखलंस, आणि विचारलंस, "ती आली का?" मी म्हणाले, येतच असेल. त्यानंतर तू काही बोलली नाहीस. व्हरांड्यात तिनं विचारलं तेव्हा हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. सांगितलं नाही. राग नव्हता एवढंच सांगितलं. हे मी अजून कुणालाच सांगितलेलं नाही, आणि तिला तर इतक्यात सांगायचं नाहीये.